सव्वीस इंची टायर सव्वीस इंची रिमवर का बसत नाही?

वाचकांचे प्रश्न : खेळांच्या आणि व्यायामाच्या साधनांची मापे

किलो-पौंड आणि इंच-मिलिमीटर यांच्या घोळाविषयी इतकी पत्रे साठली होती, की या वेळचे सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. बहुतेकांनी रूपांतराचे कोष्टक मागितले आहे. ते दोन ओळींत मावते. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी मिळून यार्ड ०.९१४४ मीटरचा आणि पौंड ०.४५३५९२३७ किलोग्रॅमचा ठरवला; त्यावरून इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा झाला आणि बाकीचे सगळे त्यातून निघते. गुणाकार कोणालाही येतो. पंचाईत होते ती साधनावरचा आकडा पाहताक्षणी त्याचे रूपांतर करायला घेतल्यामुळे, कारण त्यांतले काही आकडे खरोखरीचे माप असतात, तर काही केवळ नाव म्हणून उरलेले असतात. पत्रांना उत्तरे देताना मुख्यतः हीच निवड करावी लागली.

प्रश्न : घरी व्यायाम करण्यासाठी मी वापरलेला बार आणि प्लेट्स विकत घेतल्या. दोन प्लेट्सवर २० किलो आणि दोन प्लेट्सवर ४५ पौंड असे कोरलेले आहे. त्या एकत्र वापरता येतील का? शिवाय माझ्याकडच्या जुन्या छोट्या प्लेट्स या बारवर चढतच नाहीत, याचे कारण काय?

उत्तर : प्रत्येक टोकाला एक २० किलोची आणि एक ४५ पौंडांची अशी समान मांडणी करणार असाल, तर खुशाल वापरा. एका टोकाला २० किलो आणि दुसऱ्या टोकाला ४५ पौंड असे मात्र करू नका, कारण ४५ पौंड म्हणजे २०.४१ किलो होतात आणि बार एका बाजूने ४१० ग्रॅमने जड होतो. एवढा फरक एखाद्याला जाणवणारही नाही. पण हीच चूक लहान प्लेट्सच्या बाबतीत केली आणि १० किलोला जोडीदार म्हणून २५ पौंडांची प्लेट चढवली, तर तफावत १.३४ किलोची होते आणि ती खांद्याला लगेच कळते.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट सांगायला हवी. पौंडांत लिहिलेल्या व्यायामाच्या वेळापत्रकांत १३५, २२५, ३१५ हे आकडे पुन्हा पुन्हा येतात आणि अनेक जण त्यांचे काटेकोर रूपांतर करून ६१.२३ किलो कसे जमवायचे याची चिंता करत बसतात. वास्तविक १३५ म्हणजे ४५ पौंडांचा बार आणि दोन्ही बाजूंना ४५ पौंडांची एकेक प्लेट, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणखी एकेक जोडी वाढवली की २२५ आणि ३१५ येतात. किलोच्या साधनांत त्याच मांडणीला ६०, १०० आणि १४० किलो म्हणतात. तेव्हा वेळापत्रकात १३५ दिसले की ६० किलो लावावेत आणि पुढे जावे.

प्लेटवर कोरलेल्या वजनावर फार विसंबूनही राहू नये. वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ५ किलोहून जड असलेल्या प्रत्येक साधनाला वजनात ०.१ टक्का जास्त किंवा ०.०५ टक्का कमी एवढीच सूट असते, म्हणजे २० किलोची प्लेट फार तर २० ग्रॅमने जड किंवा १० ग्रॅमने हलकी चालते. घरगुती वापराच्या ओतीव लोखंडी प्लेट्सना असे बंधन नसते. माझ्याकडची २० किलोची एक प्लेट वजनकाट्यावर १९.४ किलो भरली होती, आणि तिची जोडीदार २०.१ किलो. अशा जोडीपुढे किलो-पौंडाच्या फरकाचे काय कौतुक? चारही प्लेट्स काट्यावर ठेवा, खडूने खरे वजन मागच्या बाजूला लिहा आणि त्यानुसार जोड्या लावा.

आता भोकांविषयी. स्पर्धेच्या बारचा स्लीव्ह, म्हणजे प्लेट चढते तो टोकाचा जाड भाग, ५० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या प्लेट्सना बोलण्यात दोन इंची म्हणतात. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, त्यामुळे प्लेट किलोची असो वा पौंडांची, ती त्या बारवर सरकतेच. छोट्या, एकसलग जाडीच्या बारच्या बाबतीत मात्र असे एकमत झालेले नाही. कोणी तो एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा करतात, कोणी २८ चा आणि कोणी ३० चा. तीस मिलिमीटरच्या बारसाठी केलेली प्लेट एक इंची बारवर चढते, पण साडेचार मिलिमीटरहून अधिक मोकळी राहिल्यामुळे ती डुगडुगते. उलट एक इंची प्लेट २८ च्या बारवर चढणारच नाही. आपल्या जुन्या प्लेट्स या छोट्या जातीच्या आहेत. त्यांचे भोक कानशीने वा ड्रिलने वाढवण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या, कारण ५० मिलिमीटरपर्यंत जायला प्लेटच्या मध्यभागाचे बरेचसे लोखंड काढावे लागेल.

प्रश्न : माझ्या सायकलच्या टायरवर २६ × १ ३/८ असे लिहिले होते. दुकानात तो मिळाला नाही म्हणून २६ × १.७५ चा आणला. थोडा रुंद असला तरी २६ इंची रिमवर बसायला हवा होता, पण तो रिमवर चढता चढेना. टायर सदोष आहे का?

उत्तर : टायर निर्दोष आहे आणि आपले गणितही बरोबर आहे, फसवणूक झाली ती २६ या आकड्याने. हा आकडा रिमचा नाहीच. जुन्या काळी टायर चढवून हवा भरल्यावर चाकाचा बाहेरून जो व्यास येई, त्यावरून चाकाला नाव पडले. बाहेरचा व्यास २६ इंच, म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटर, ठेवायचा असेल तर जाड टायरला लहान रिम लागते आणि बारीक टायरला मोठी. १ ३/८ इंच म्हणजे जवळजवळ ३५ मिलिमीटर जाडीचा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो: ५९० अधिक दोन वेळा ३५, बरोबर ६६०. दोन इंच जाडीचा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो: ५५९ अधिक दोन वेळा ५१, पुन्हा ६६० च्या आसपास. आणि २६ × १ १/२ हा तिसराच, तो ५८४ च्या रिमवर. तिघांचे नाव २६, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. पुढे ५५९ च्या रिमवर कमी जाडीचेही टायर निघाले, त्यांचा बाहेरचा व्यास २६ इंच भरेनासा झाला, तरी नाव तेच राहिले. आपण आणलेला १.७५ चा टायर त्यांतलाच आहे. आपल्या रिमपेक्षा तो व्यासाने ३१ मिलिमीटर लहान आहे.

यातली खरी मेख अशी की शाळेच्या गणितात १ ३/८ आणि १.३७५ एकच असले, तरी टायरवर ते एक नसतात. सव्वीस इंची टायरवर जाडी अपूर्णांकात लिहिली असेल तर रिम एका घराण्याची आणि दशांशात लिहिली असेल तर दुसऱ्या घराण्याची, असा साधारण संकेत आहे. एवढे लक्षात ठेवण्यापेक्षा टायरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेली दुसरी संख्या वाचण्याची सवय लावून घेणे बरे. ती ३७-५९० किंवा ४७-५५९ अशी असते. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. दुसरा आकडा जुळला पाहिजे, मग नाव काही का असेना. याच आकड्यामुळे एक उलटा चमत्कारही उलगडतो: डोंगरी सायकलचे २९ इंची चाक आणि रस्त्यावरच्या सायकलचे ७००सी चाक, दोन्हींची रिम ६२२ मिलिमीटरचीच असते.

ट्यूब रबरी असल्यामुळे एवढे तेवढे सांभाळून घेते. पेडल तसे घेत नाही. आजच्या बहुतेक प्रौढांच्या सायकलींवर, मग बाकी सगळे नटबोल्ट मिलिमीटरचे असोत, पेडलचे आटे ९/१६ इंच व्यासाचे आणि इंचाला २० या हिशेबाचेच असतात. जुन्या फ्रेंच सायकलींना मात्र १४ मिलिमीटरचे पेडल होते. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, फरक इतका थोडा, की पान्याने जोर लावला तर पेडल आत जाते आणि क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसते त्या दांड्याचे, आटे कायमचे कापून ठेवते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हेही विसरू नये.

प्रश्न : ट्रेडमिलवर मी ६ च्या वेगाने अर्धा तास धावते. माझ्या मनगटावरचे घड्याळ सांगते की मी जवळजवळ ५ किलोमीटर धावले, पण मैत्रीण म्हणते की ६ म्हणजे ताशी ६ किलोमीटर, ते तर चालणेच झाले. कोणाचे खरे?

उत्तर : बहुधा आपले; यंत्रावरचा ६ हा आकडा मैलांचा असावा. ताशी ६ मैल म्हणजे ९.६६ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या तासात ४.८ किलोमीटर, आणि ताशी ६ किलोमीटर वेगाला कोणी धावत नाही, झपाझप चालते. तरीही मनगटावरचे घड्याळ हाताच्या हालचालींवरून अंदाज बांधते, त्यामुळे त्याची साक्ष पुरेशी मानू नका. खात्री करायची असेल तर यंत्र बंद असताना पट्ट्यावर आडवी चिकटपट्टी लावा, पट्टा हाताने फिरवत त्याची पूर्ण लांबी टेपने मोजून घ्या, मग वर कोणी उभे नसताना ६ चा वेग लावून वीस फेऱ्यांना लागणारा वेळ मोजा. पट्टा ३ मीटरचा असेल तर वीस फेऱ्या म्हणजे ६० मीटर होतात. यंत्र किलोमीटरचे असल्यास ३६ सेकंद लागतील आणि मैलांचे असल्यास साधारण साडेबावीस. दहा मिनिटांत निकाल लागतो. चढाची टक्केवारी मात्र दोन्ही पद्धतींत सारखीच असते, तिला एकक नाही.

प्रश्न : क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर, फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर, अडथळ्यांची उंची १०६.७ सेंटीमीटर. नियम करणाऱ्यांना पूर्णांक का सुचले नाहीत?

उत्तर : त्यांना पूर्णांकच सुचले होते, फक्त ते यार्डांत आणि फुटांत होते. खेळपट्टी २२ यार्डांची, गोल ८ यार्ड रुंद आणि ८ फूट उंच, अडथळा साडेतीन फुटांचा. बावीस हा आकडाही वाटतो तितका विचित्र नाही. सतराव्या शतकात एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने जमीन मोजण्यासाठी जी साखळी रूढ केली, ती २२ यार्डांची होती, आणि मैदानावर पट्टी आखायला ती एक साखळी अंथरली की काम भागत असे.

रूपांतर करताना कोणी किती काटेकोर राहिले, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. फुटबॉलचा गोल मीटरमध्ये नेताना सेंटीमीटरपर्यंत जपला, ७.३२ बाय २.४४. त्याच नियमावलीत १२ यार्डांची पेनल्टीची खूण मात्र सरळ ११ मीटरवर नेली, म्हणजे सुमारे तीन सेंटीमीटर मागे. बास्केटबॉलची कडी १० फुटांवर असते, ती ३.०५ मीटर झाली, दोन मिलिमीटरने उंच.

सर्वांत सुरेख उदाहरण ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे आहे. ही मूळची १२० यार्डांची शर्यत. सुरुवातीपासून पहिला अडथळा १५ यार्डांवर, पुढचे प्रत्येकी १० यार्डांवर आणि शेवटच्या अडथळ्यानंतर पुन्हा १५ यार्ड. शर्यत ११० मीटरची झाली तेव्हा ती सुमारे २७ सेंटीमीटरने वाढली. पण धावपटूंच्या दोन अडथळ्यांमधल्या तीन पावलांना धक्का लावायचा नसल्यामुळे मधली अंतरे १३.७२ आणि ९.१४ मीटर, म्हणजे जुनीच ठेवली आणि वाढलेला तुकडा शेवटी जोडला. म्हणून अखेरचे अंतर १४.०२ मीटर असते. बेरीज करून पाहा: १३.७२, नऊ वेळा ९.१४ आणि १४.०२, बरोबर ११०.

याउलट गोळाफेकीत रूपांतराने नियमच किंचित बदलला. पुरुषांचा गोळा १६ पौंडांचा, असे अजूनही म्हटले जाते. सोळा पौंड म्हणजे ७.२५७ किलो, नियमात किमान वजन ७.२६० किलो लिहिलेले आहे. तेव्हा अगदी नेमका १६ पौंडांचा गोळा घेऊन गेलात, तर अडीच ग्रॅम कमी पडल्यामुळे तो स्पर्धेत चालणार नाही. जुना गोळा वापरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

प्रश्न : व्यायामाच्या बाकाचा एक बोल्ट हरवला. त्याच जाडीचा दिसणारा दुसरा बसवला, तो थोडा फिरून घट्टही झाला. पण महिन्याभरात ढिला पडला. पुन्हा आवळावा का?

उत्तर : आवळू नका, काढा, आणि बोल्ट बदलेपर्यंत त्या बाकावर झोपून वजन उचलू नका. आपल्या वर्णनावरून मूळ बोल्ट १० मिलिमीटरचा आणि आपण बसवलेला ३/८ इंचाचा, कारागिरांच्या बोलीत तीन सुती, असावा. तीन सूत म्हणजे ९.५३ मिलिमीटर, डोळ्याला हा फरक दिसत नाही. १० मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे दोन आटे एकमेकांपासून दीड मिलिमीटरवर असतात आणि ३/८ इंचाच्या भरड आट्यांच्या बोल्टचे १.५९ मिलिमीटरवर. म्हणून बोल्ट काही फेरे जातो, मग आटे एकमेकांवर चढतात आणि घट्ट झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात सगळा भार दोनतीन आट्यांच्या टोकांवर असतो, आणि हादऱ्याने ती टोके झिजली की बोल्ट सुटतो. मी स्वतः एकदा हा उद्योग केला होता. सुदैवाने तेव्हा बाकावर फक्त टॉवेल होता.

ओळखायची खूण बोल्टच्या डोक्यावर असते. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे उमटवलेले असतात, तर इंची बोल्टवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेघा असतात, तीन किंवा सहा. काही खूणच नसेल तर मूळ नट सोबत नेऊन त्यात नवा बोल्ट हाताने, पान्याशिवाय, शेवटपर्यंत फिरतो का ते पाहावे. ॲलन कीचेही, म्हणजे सहा कडांच्या चावीचेही, असेच आहे: ८ मिलिमीटरच्या खाचेत ५/१६ इंचाची चावी कामाला येते, पण ५ मिलिमीटरच्या खाचेत ३/१६ ची घातली तर ती घसरते आणि खाच गोल करून टाकते.

स्क्वाट रॅकला, म्हणजे बार ठेवायच्या भोकांच्या उभ्या खांबांना, जादा जोड घेणाऱ्यांसाठी एवढेच: ५/८ इंची भोक म्हणजे १५.८८ मिलिमीटरचे, त्यामुळे १६ ची पिन त्यात अडकू शकते. भोकांमधले अंतर एका खांबावर ५० मिलिमीटर आणि दुसऱ्यावर दोन इंच असेल, तर विसाव्या भोकापर्यंत दोन्ही बाजूंच्या उंचीत १५ मिलिमीटरहून अधिक फरक पडलेला असतो. खांब एकाच जोडीतले असावेत.

प्रश्न : बॅडमिंटनच्या शटलच्या नळीवर ७६, ७७ असे आकडे असतात. हे कसले माप?

उत्तर : ग्रेन नावाच्या जुन्या वजनाचे. एक ग्रेन सुमारे ६४.८ मिलिग्रॅमचा, त्यामुळे ७७ चे शटल ५ ग्रॅमच्या आसपास भरते. नियमात शटलसाठी ४.७४ ते ५.५० ग्रॅम वजन मान्य आहे. आकडा मोठा तेवढे शटल जड आणि वेगवान, म्हणून थंड आणि दाट हवेत मोठा आकडा घेतात आणि उष्ण किंवा उंचावरच्या विरळ हवेत लहान. बाणांचे वजनही ग्रेनमध्येच सांगतात. तिरंदाज ७० मीटरवरच्या १२२ सेंटीमीटरच्या लक्ष्यावर, पौंडांत मोजलेल्या ताणाच्या धनुष्यातून, इंचांत लांबी सांगितलेला आणि ग्रेनमध्ये तोललेला बाण सोडतो, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

प्रश्न : ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या म्हणजे एक मैल, असे आमचे प्रशिक्षक सांगतात. मी मैलाची वेळ नोंदवू इच्छितो. हे चालेल का?

उत्तर : चार फेऱ्या १६०० मीटर होतात आणि मैल १६०९.३४४ मीटरचा असतो. जुने ट्रॅक ४४० यार्डांचे होते, त्यांवर चार फेऱ्यांत मैल पुरा होत असे. प्रशिक्षकांचे वाक्य त्या काळाचे आहे. सरावासाठी हरकत नाही, पण सहा मिनिटांत मैल धावणाऱ्याला राहिलेल्या नऊ मीटरांसाठी दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि स्वतःची वेळ नोंदवून ठेवणाऱ्याला दोन सेकंद किती मोलाचे असतात हे आपणास सांगायला नको. टेप घेऊन पहिल्या पट्ट्यात समाप्तीच्या रेषेच्या ९ मीटर ३४ सेंटीमीटर मागे खूण करा, तेथून सुरुवात करा आणि चौथ्यांदा सुरुवातीच्या खुणेशी आल्यावर न थांबता पुढे समाप्तीच्या रेषेपर्यंत धावा.